ह्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा सप्लाय

मंगळवारी सकाळी ह्यांनी मंचरला दुकान उघडलं. अकरा वाजता दुकानातून फोन आला. मी शाळेतून दवाखान्यात गेले. संध्याकाळी अवसरीला अग्नी दिला.

ह्यांचं दुकान मोटारी भरायचं होतं. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली करपलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून ती पुन्हा चालती करायची, हे काम. शेतकरी मोटार आणून दुकानात टाकायचा. हे तिच्याकडे एकदा बघत, एकदा तिचा वास घेत आणि सांगत, "परवा न्या." निर्णयाला एवढाच वेळ लागायचा. त्याच माणसाने घरात एक अ‍ॅम्प्लिफायर करायला घेतला आणि त्याला वीज कुठून द्यायची हे ठरवायला अकरा वर्षं लावली. तरी ते ठरलं नाही.

बाकी सगळं तयार होतं. आतला बोर्ड ह्यांनी स्वतः सोल्डर केला होता. सुताराकडून दोन स्पीकरच्या पेट्या करून घेतल्या होत्या. अ‍ॅल्युमिनियमचा डबा होता, त्याला आवाजाचं बटण होतं, आणि ते बटण हे अधूनमधून नुसतंच फिरवून बघायचे. लोकांच्या घरात "फक्त प्लास्टर बाकी आहे" म्हणतात तसं आमच्या घरात "फक्त सप्लाय बाकी आहे" म्हणायचे. डबा जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागात होता. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही जेवायचो.

सप्लायसाठी एक वही होती, शंभर पानी, तीन रकान्यांची. पहिला रकाना ट्रान्सफॉर्मरचा. तो जड, साधा, विश्वासाचा. पण त्याने स्पीकरमध्ये घुंई येते. दुसरा एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये किंवा दिव्यांच्या पाट्यांमागे असतो तो हलका चौकोनी सप्लाय. त्याबद्दल ह्यांचं मत वहीत असं होतं: "आत काय चाललंय ते दिसत नाही." तिसरा रकाना बॅटरीचा.

एकदा मी वाचता वाचता म्हटलं, "तीन चिठ्ठ्या टाका आणि एक उचला."

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "चिठ्ठ्या टाकायच्या तर चार लागतील. सोलर राहिलंच."

मी शाळेत ग्रंथपाल आहे. मला विजेतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यावं असंही वाटलं नव्हतं. ती वेळ दहाव्या दिवशी आली.

आमच्याकडे दशक्रियेला नदीवर अख्खा गाव लोटतो. आधी प्रवचन होतं, मग भाषणं. गेलेला माणूस किती चांगला होता हे त्याला कधी न भेटलेली माणसं माइकवरून सांगतात. त्या दिवशी माइक शिट्टी मारत होता. हे असते तर अशा वेळी उठून, कोणाला न विचारता, एक वायर हलवून परत येऊन बसले असते. मी शिट्टी ऐकत बसले.

पिंड मांडले. पानावर ह्यांच्या आवडीची कांदाभजी ठेवली. उंबरावर पाच-सहा कावळे होते, पण एकही खाली येईना. मग आमच्याकडे जे करतात ते सुरू झालं. गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल ते ओळखायचं आणि त्याचा शब्द द्यायचा, म्हणजे कावळा शिवतो.

माझे धाकटे दीर पुढे झाले. ते गावीच शेती करतात. हात जोडून म्हणाले, "दादा, आईची काळजी करू नको. आईला मी सांभाळीन."

कावळे हलले नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "आत्तापतूर कोन कुनाला सांभाळत व्हतं, ते कावळ्याला ठाव हाय."

मग ह्यांच्या दुकानातले एकमेव कारागीर पुढे आले. ते तळेघरकडचे. वीस वर्षांपूर्वी डोंगर उतरून कामाला आले ते राहिलेच. फक्त भाताच्या लावणीला पंधरा दिवस वर जातात. ते म्हणाले, "मालक, दुकान बंद पडू देनार न्हाई." एका कावळ्याने चोचीने पंख साफ केले. नंतर एका पुढाऱ्यांनी घाटावर पत्र्याची शेड बांधून देण्याचा शब्द दिला. कावळ्यांनी तोही ऐकून घेतला.

ऊन वाढलं. लोक घड्याळं बघू लागले. तेव्हा दिरांनी पुढाऱ्यांच्या हातातला माइक घेतला आणि ते जवळजवळ ओरडले, "दादा! तुझा त्यो आवाजाचा डबा! त्यो वैनी पुरा करत्याल! वर्षाच्या आत! शब्द हाय वैनींचा!"

दोन कावळे एकदमच उतरले आणि भज्यांवर तुटून पडले.

गर्दीतून "हांऽऽ" असा आवाज आला. बायका डोळे पुसू लागल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी शब्द दिला नव्हता. माझा शब्द दुसऱ्याने दिला होता, तोही माइकवरून. माझं अजूनही मत असं आहे की भजी तोपर्यंत पुरेशी गार झाली होती. पण हे मत तिथे मांडण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर मी सगळ्यांना चहा केला. सासूबाईंनी कप पुढे सरकवला.

"मला नको."

"का? घशाला कोरड पडली असेल."

"माझं लेकरू त्या डब्यात अडकलंय. ते सुटल्याबिगर मी च्या पिनार न्हाई."

हे वाक्य कोणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर मी समजूत घातली असती. सासूबाईंना दिवसातून सहा वेळा चहा लागायचा. सकाळचा पहिला त्या चुलीपुढे उभ्यानेच घ्यायच्या, म्हणजे बसेपर्यंत दुसरा तयार व्हावा. तिसऱ्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखू लागलं. त्यांनी कपाळाला फडकं बांधलं आणि त्या घरात सगळ्यांवर, मांजरावरसुद्धा, चिडू लागल्या. मला कावळ्याबिवळ्याचं काही वाटत नव्हतं. पण ऐंशीच्या पुढची बाई कपाळाला फडकं बांधून समोर बसली आणि तुम्ही चहा पीत असाल, तर तो चहा घशाखाली उतरत नाही. मला तो डबा वाजवावाच लागणार होता.

त्यानंतरच्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माणसं येत, डोळे पुसत, "लई वंगाळ झालं" म्हणत, दोन मिनिटं गप्प बसत आणि मग विचारत, "सप्लायचं काय ठरलं?"

प्रत्येकाकडे सल्ला होता. एकजण म्हणाले, लॅपटॉपचा चार्जर लावा. दुसरे म्हणाले, छपरावर सोलर टाका, म्हणजे पाणीही तापेल. कारखान्यावर काम केलेले एक मामा म्हणाले, जनरेटरशिवाय अशा कामाला हात घालू नये. एका गृहस्थांनी बराच विचार करून सांगितलं, "खोडदला त्या मोठाल्या दुर्बिनी हायेत न्हवं? त्या आभाळातलं ऐकत्यात म्हने. तितं जाऊन इचारा, तुमच्यात घुंई येती का."

शेजारच्या काकू माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मला बरं वाटलं. उठताना त्या म्हणाल्या, "खचू नको बाई. ट्रान्सफॉर्मरच कर."

शाळेच्या ग्रंथालयात विजेवरची दोन पुस्तकं होती. मी ती घरी आणली आणि दोन्ही वाचून काढली, प्रस्तावनेसकट. दोन महिने लागले. पुस्तक हातात असलं की मला लोकांशी बोलावं लागत नाही, आणि त्या दिवसांत मला बोलायचं नव्हतं. माझ्या लक्षात एवढं आलं की डब्यातल्या बोर्डाला चोवीस ते तीस व्होल्टची एका दिशेने वाहणारी वीज हवी आहे. भिंतीतली वीज त्याहून पुष्कळ मोठी असते आणि सारखी दिशा बदलते. तिला लहान करायचं आणि शांत करायचं, म्हणजे सप्लाय. हे कळल्यावर मला वाटलं, आता काय अवघड आहे.

मी दुकानात गेले. कारागीर म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळतो, बाई. तार हाय, पत्रे हायेत. फकस्त व्होल्टेज काय धरायचं ते सांगा."

"पुस्तकात दोनशे तीस आहे."

कारागीर हसले. "पुस्तक पुन्यात बसून लिवलंय. अवसरीत काटा एकशेऐंशीच्या वर ग्येला तर ही मिशी काढीन."

त्यात काही खोटं नव्हतं. आमच्याकडच्या मोटारी भरताना सगळे कारागीर हे बघतात. पंप चालू असताना व्होल्टेज मरतं, म्हणून तार कमी व्होल्टेजची भरायची, तरच पाणी वर येतं. आमच्या कारागिरांनीही वीस वर्षं हेच केलं होतं आणि एकाही शेतकऱ्याने तक्रार केली नव्हती. त्यांनी त्याच हिशेबाने ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. तो एवढा जड झाला की त्यांनी आणि दिरांनी मिळून तो टेबलावर ठेवला, आणि टेबलाने आवाज केला.

संध्याकाळी जोडणी केली. काटा एकशेपंच्याहत्तरवर होता. डब्याला अठ्ठावीस व्होल्ट मिळाले. स्पीकरमधून घुंई आली.

सासूबाई फडक्यातून ऐकत होत्या. "ह्योच का आवाज?"

"अजून गाणं लावलं नाही, आई. ही नुसती घुंई."

"ही तर पंखा बी करतो. त्याला अकरा वर्सं कशापायी पायजेत?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कारागीर घुंई कमी करायला आले होते, दीर बघायला आले होते. बाराच्या सुमाराला शेतीची लाइन गेली आणि शिवारातले सगळे पंप एकदम बंद झाले. हे रोजच होतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. पंप थांबले की गावातलं व्होल्टेज मोकळं सुटतं. काटा दोनशे चाळीसच्या पुढे गेला. ट्रान्सफॉर्मर एकशेऐंशीचा होता. घुंई वाढत गेली. मी मीटरकडे बघितलं तर अठ्ठावीसचे चाळीस झाले होते. बोर्डाशेजारी बोटभर उंचीचा कपॅसिटर होता. त्याला विजेची टाकी समजा. त्याच्या अंगावर स्पष्ट लिहिलं होतं, पस्तीस व्होल्ट. मी हे वाचलं होतं. दुसऱ्या पुस्तकात, तिसऱ्या प्रकरणात.

मी "बंद करा" म्हणायला तोंड उघडलं आणि टाकी फुटली. फटाक्यासारखा आवाज झाला. आतल्या कागदाचे बारीक कपटे सगळ्या खोलीभर उडाले आणि सावकाश खाली आले, लग्नात अक्षता येतात तसे. दिरांच्या केसांवर, कारागिरांच्या मिशीवर, माझ्या पुस्तकावर.

सासूबाई आतून धावत आल्या. "आला का?"

कारागीर मिशीवरचे कपटे झटकत होते.

सोमवारी कारागीर मिशी काढून दुकानात आले. मी म्हटलं, "अहो, काटा दुपारी चढला. तुम्ही संध्याकाळचं म्हणाला असाल." ते म्हणाले, "मी टाइम घातला नव्हता, बाई." पुढचा महिनाभर शेतकरी दुकानात येऊन त्यांनाच विचारायचे, "कारागीर कुटं गेले?"

ट्रान्सफॉर्मरचा रकाना असा संपला. आता दिरांचा उत्साह वाढला होता. शब्द त्यांनीच दिला होता आणि सासूबाई त्यांना रोज आठवण करून देत होत्या. नारायणगावात त्यांचा एक ओळखीचा दुकानांच्या दिव्यांच्या पाट्या करतो. त्याच्याकडून ते एक एसएमपीएस घेऊन आले. तळहातापेक्षा थोडा मोठा आणि वजनाने एवढा हलका की कारागिरांनी तो उलटा करून बघितला, आतून काही पडलंय का म्हणून.

आम्ही नवी टाकी बसवली, तो सप्लाय जोडला आणि डबा चालू केला. व्होल्टेज वर गेलं, खाली आलं. त्याला फरक पडत नव्हता. घुंई नव्हती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी आत जाऊन आधण ठेवणार होते.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. टिक्.

मग पुन्हा टिक्. सव्वा सेकंदाने पुन्हा टिक्.

बटण फिरवलं, टिक् कमी झालं नाही. वायर बदलली. डबा दुसऱ्या खोलीत नेला. टिक् मागे आलं. कारागीर म्हणाले, "बाई, ह्ये माझ्या लायनीतलं न्हाई," आणि चपला घालून निघाले.

सासूबाई स्पीकरजवळ सरकल्या. बराच वेळ ऐकत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "जेवलास का?"

टिक्.

"बरा हाईस का?"

टिक्.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुस्तक मिटलं.

त्या दिवसापासून त्या रोज चार वाजता डबा चालू करायला लावायच्या आणि समोर पाट घेऊन बसायच्या. घरातलं सगळं सांगायच्या. म्हैस गाभण आहे, पुतण्याचं लग्न मोडलं, तुझी बायको धड जेवत नाही. प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबायच्या आणि टिक् यायचं. शेजारच्या काकू एकदा स्वतःच्या सुनेबद्दल काही विचारून गेल्या. त्यांनाही होकार मिळाला. सासूबाई महिनाभर खूश होत्या. फडकं मात्र कपाळावर होतं आणि चहाचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "आजून आतच हाय की त्यो. आतून टिक् टिक् करतोय. भायेर आला की पिईन."

म्हणजे टिक् जाईपर्यंत चहा नाही. आणि टिक् गेलं तर लेकाशी बोलणं नाही. मी दोन्ही बाजूंनी अडकले होते.

मला दुसरं काही येत नाही, पण नोंदी ठेवता येतात. मी घड्याळ घेऊन बसले. मिनिटाला अठ्ठेचाळीस वेळा टिक् व्हायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तेवढंच. सासूबाई प्रश्न विचारत असोत वा नसोत. ह्यांना आयुष्यात कुठलीही गोष्ट एवढ्या नेमाने करताना मी पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी टिक् थांबलं. सासूबाई घाबऱ्या झाल्या. "अगं बोलंना त्यो! काय बोलले मी त्याला?" मी मागच्या दाराने बाहेर आले. घरामागे दिरांचा मक्याचा तुकडा आहे. ते बांधावर वाकून गवत कापत होते.

"भावजी, तुम्ही काही बंद केलंय का?"

"झटका मशिन बंद केलंय. गवत कापतोय ना, वैनी. तारेला हात लागला तर मीच उडंन."

रानडुकरं मक्यात शिरू नयेत म्हणून त्यांनी तारेचं कुंपण केलं होतं. त्याला एक मशिन होतं, खांबाला टांगलेलं, आमच्याच घराच्या विजेवर चालणारं. दर थोड्या वेळाने ते तारेत विजेचा झटका सोडतं आणि सोडताना त्यावरचा लाल दिवा लुकलुकतो.

"चालू करा."

त्यांनी चालू केलं. घरातून सासूबाईंचा आवाज आला, "आला गं! आला!"

"बंद करा."

"ग्येला! ग्येला पुन्हा!"

"चालू करा."

"आला!"

दीर विळा हातात घेऊन माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हंजी वैनी," ते म्हणाले, "आई महिनाभर माज्या कुंपनाशी बोलतीय?"

आम्ही दोघं बांधावर बसलो आणि हसलो. ह्यांच्यानंतर मी पहिल्यांदा हसले होते, आणि तेही असं की दिरांनी विळा बाजूला ठेवला. मग आम्हाला एकदमच कळलं की हे आता सासूबाईंना सांगावं लागेल. दीर म्हणाले, "तुमी सांगा. तुमी शिकलेल्या हाय." आणि ते गवत तसंच टाकून गेले.

मला दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता मी त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. मशिनचं, तारेचं, अठ्ठेचाळीसचं. त्या डब्याकडे बघत ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "मला ठाव व्हतं."

"कधीपासून?"

"चार-पाच दिसांत कळलं. येवढ्या बारी 'हो' त्यो जलमात म्हनला न्हवता." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पन कुनीतरी ऐकतंय म्हनून बोलत व्हते. तू तर पुस्तकातनं डोकं काडत न्हाईस."

मी पुस्तक बाजूला ठेवलं. खरं तर ते तेव्हा माझ्या हातात नव्हतंच, पण मी इकडेतिकडे बघितलं.

"त्याची वही वाच," त्या म्हणाल्या. "त्यानं काय लिवलंय ते मला कुनी वाचूनच दाखवलं न्हाई."

मी वही आणली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली. ट्रान्सफॉर्मरचे गुण, ट्रान्सफॉर्मरचे दोष, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या वर्षांत. एसएमपीएसवर सात पानं. सोलरवर अर्धं पान, माझ्यावर रागावून लिहिलेलं. बॅटरीच्या रकान्यात मात्र अकरा वर्षांत दोनच ओळी होत्या. "आवाज एकदम स्वच्छ. घुंई नाही, काही नाही." आणि खाली, "पण संपते."

"मंग?" सासूबाई म्हणाल्या.

"एवढंच आहे."

"संपती तर संपती. पुन्हा भरायची. येवढं त्याला कुनी सांगितलं न्हाई का?"

मी वही मिटली. अकरा वर्षं मी त्याच टेबलावर जेवले होते आणि ती वही वाचून दाखवा असं एकदाही म्हटलं नव्हतं.

बॅटरी शोधायला लांब जावं लागलं नाही. दिरांकडे पाठीवरचे दोन फवारणी पंप होते, बॅटरीवर चालणारे. एका पंपात बारा व्होल्टची बॅटरी. दोन एकापुढे एक जोडल्या की चोवीस. बोर्डाला तेवढं पुरत होतं. दिवसा चार्ज करायच्या, वाजवताना भिंतीपासून तोडून टाकायच्या, म्हणजे गावातल्या विजेचा आणि कुंपणाचा डब्याशी संबंधच नाही.

दीर कळवळले. "माजे दोन्ही पंप? टमाट्यावर करपा आलाय, वैनी!"

"शब्द कुनी दिला व्हता?" सासूबाईंनी विचारलं.

असं ठरलं की फवारणी सकाळी आणि डबा संध्याकाळी. बॅटऱ्या काढल्या तेव्हा त्यांना औषधाचा वास होता. मी त्या तीन वेळा पुसल्या.

वर्षश्राद्धाच्या दिवशी अंगणात मांडव घातला. दशक्रियेला आले होते तेच लोक आले होते, आणि त्यांचं अर्धं लक्ष जेवणाकडे आणि अर्धं डब्याकडे होतं. कारागिरांना पुन्हा मिशी आली होती. त्यांनी स्पीकरच्या पेट्या दोन बाजूंना ठेवल्या. दिरांनी त्यांच्या मोबाइलची वायर डब्याला जोडली; त्यात त्यांनी भजनं भरून आणली होती. सासूबाई पुढे पाटावर बसल्या. मी बटण दाबलं.

घुंई नाही. टिक् नाही. काहीच नाही. एवढं काहीच नाही की मला वाटलं, सप्लायच पोहोचला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "बंद पडला वाटतं."

दिरांनी भजन लावायला मोबाइल हातात घेतला आणि त्याच क्षणी त्यावर फोन आला. त्यांनी गडबडीत तो उचलला. दोन्ही पेट्यांमधून, मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वारूळवाडीच्या त्यांच्या साडूंचा आवाज आला.

"हां भाऊ! आमी निघालोय, पन नारायनगावात अडाकलोय. पंगत बसली का? आन त्यो डबा वाजला का न्हाई? का तुमच्या वैनी आजून पुस्तकच वाचत्यात?"

दीर मोबाइलच्या पडद्यावर बोटं मारत सुटले. काही बंद होईना.

"आवं, त्यो काय वाजत नसतो," साडू पुढे म्हणाले. "दादांना अकरा वर्सांत जमलं न्हाई! म्हातारीला गपचिप च्या पाजा राव. कावळा काय बघाय येतोय का?"

त्यांच्यामागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, लांबून पण स्वच्छ, "आवो हळू बोला. स्पीकरवर आसंल." मग एसटीचा हॉर्न वाजला, आणि मांडवातल्या दोघांनी दचकून मागे वळून बघितलं.

सगळे सासूबाईंकडे बघत होते. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"वारूळवाडीचा ना ह्यो?" त्या म्हणाल्या.

"हो, आई," मी म्हटलं.

"शेजारी बसून बोलल्यागत येतंय." त्यांनी आणखी थोडं ऐकलं. पेटीतून साडूंचा श्वास ऐकू येत होता. "घुंई न्हाई. टिक् न्हाई. त्याला आसंच पायजे व्हतं." मग त्यांनी कपाळावरचं फडकं सोडलं, घडी घातली आणि मांडीवर ठेवली. "सुटला म्हनायचं. च्या टाक गं."

मी आत गेले. आधण ठेवताना मला रडू आलं. बाहेर साडू अजून रस्त्याची हालत सांगत होते, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही. सासूबाईंनी चहा बशीत ओतून घेतला. पहिला घोट घेऊन त्या म्हणाल्या की साखर कमी आहे. दुसरा कप मी गोड केला. तिसरा त्यांनी स्वतः मागितला.

त्याला आता दोन वर्षं होत आली. दुकान कारागीर चालवतात. दिरांनी फवारणीसाठी नवे पंप घेतले आहेत. घरात सासूबाई आहेत आणि मी आहे. अ‍ॅम्प्लिफायर टेबलावरच असतो आणि रोज संध्याकाळी अडीच तास, बॅटरी संपेपर्यंत, चालतो.